आवाज राखायचा म्हणून

मस्तगड, जालना
८ ऑगस्ट २००१

द्वारका,

तू दवाखान्याच्या पायऱ्या उतरलीस तेव्हा मला वाटलं, चहाला चाललीस. मी बाकड्यावर बसून वाट पाहत राह्यलो. शेवटी रखमाजी आला आणि म्हणला, "काकासाहेब, वहिनी अंबडच्या गाडीत बसल्या." औरंगाबादला आपण तिघं गेल्तो. परत येताना रेल्वेत मी आणि आपल्या आडतीतला हा तोलणारा, दोघंच. तो बोलायचा आणि मी मान हलवायचो.

तुझ्या भावाच्या, रामरावच्या घरी जायला माझी कधी ना नव्हती. जांब काही परदेशात न्हाई. पण माणसानं सांगून जावं.

डॉक्टरबाईनं बोलायची बिलकुल बंदी केली आहे. कुजबुजसुद्धा नको म्हणती, कुजबुजीनं घशाला जास्त ताण पडतो. म्हणून लिहून राह्यलो. तुझी चौथी झालेली आहे, माझं अक्षर तुला लागतं. रामरावकडून वाचून घेऊ नको. तूच वाच.

तू बाईचं बोलणं अर्धंच ऐकून निघालीस, म्हणून सगळं लिहितो. होळीपासून बसलेला आवाज म्हणजे सर्दी न्हाई, हे तुला कळलंच. गाठ आवाजाच्या पेटीवर आहे. एक रस्ता आपरेशनचा. पेटीच काढून टाकायची, गळ्याला भोक, श्वास तिथून, आवाज कायमचा बंद. दुसरा रस्ता नवीन आहे. सात आठवडे किरणांचा शेक, आणि दर सोमवारी सलाईनमधून एक औषध. ते औषध दुहेरी काम करतं. स्वतः गाठीला मारतंच, पण त्याहून मोठं म्हणजे गाठ किरणांपुढं कच्ची करून ठेवतं. जमीन भिजवली की नांगर खोल जातो, तसं मी समजलो. बाई म्हणल्या, बराबर समजलात. ह्या रस्त्यानं पुष्कळांची पेटी वाचते. आणि न्हाईच जमलं तर आपरेशन कुठं पळून चाललंय?

मंग तूच सांग, अर्धं आयुष्य मोंढ्यात हर्रास पुकारणाऱ्या माणसानं कोणता रस्ता धरायचा? मी मोसंबीच्या ढिगावर उभा राहून बोली चढवायला लागलो की पार स्टेशनपर्यंत कळायचं, आज भाव काय निघाला. व्यापारी दुसऱ्या आडतीवरून उठून आपल्याकडं यायचे, ते माल बघायला न्हाई, माझी पुकार ऐकायला. मुक्या माणसाला शेठ काय काम देणार? गोण्या शिवायचं?

तू कशावर एवढी चिडलीस ते मला कळलं न्हाई. आपल्या उषाला जास्त काही सांगू नको, पोरीचे दिवस भरत आलेत.

सोमवारी पहिलं औषध आहे.

काकासाहेब


मस्तगड, जालना
२९ ऑगस्ट २००१

द्वारका,

उत्तर न्हाई. टपाल जांबच्या पोस्टात पडून राहतं की तुझ्या उशाखाली, एवढं तरी कळव.

रोज सकाळी औरंगाबादला जातो, संध्याकाळी येतो. रखमाजी सोमवारी सोबत असतो, बाकीचे दिवस मी एकटा. माझ्या तोंडाच्या मापाचा एक जाळीचा मुखवटा केलाय. तो तोंडावर चढवून टेबलाला आवळतात, हलायचं न्हाई म्हणतात, आणि सगळे खोलीबाहेर पळतात. जाड दार लागतं. माझ्याजवळ तेवढ्यापुरतं माणूस न्हाई. मशीन घरघरतं आणि थांबतं. कळत तर काहीच न्हाई. त्रास नंतर होतो.

औषधाचा त्रास मात्र त्याच दिवशी. सलाईनवर सलाईन चढवतात, लघवी मापून घेतात, मूत्रपिंड धुतलं गेलं पाहिजे म्हणे. ओकाऱ्या इतक्या की आतडी बाहेर येतील असं वाटतं. तरी ते मी सोसून राह्यलो. माझा राग त्याच्यावर न्हाई.

राग परवाचा आहे. सकाळी औषध चढलं. ते अंगात असतानाच किरण लागले पाहिजेत, तर त्याचा उपयोग. दुपारी रखमाजीनं धरून मला खाली नेलं, तर मशीनच्या खोलीला कुलूप. तिथला पोरगेला तंत्रज्ञ म्हणला, "मशीन बंद पडलंय. मुंबईहून माणूस येणार."

मी पाटीवर लिहिलं, कधी?

"उद्या. न्हाई तर परवा."

मी लिहिलं, औषध आज गेलंय माझ्या अंगात.

"मंग मी काय करू काका? मशीन मी बिघडवलं का?"

मी पाटी जमिनीवर आपटली. तुकडे झाले. ओरडायला तोंड उघडलं तर रखमाजीनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि दाबून धरला. "न्हाई," म्हणला, "आता न्हाई. एवढं सोसलं ते पाण्यात जाईल."

डॉक्टरबाई धावत आल्या. त्यांचाही पारा चढला होता. त्या तंत्रज्ञाला म्हणल्या, "सकाळी आठलाच मशीन पडलं होतं, तर मला वर कळवलं का न्हाई? मी औषध दिलंच नसतं." त्यानं सांगितलं, वरचा फोन लागत नव्हता. वर म्हणजे एक जिना. द्वारका, एक जिना चढून सांगायला ह्यांना फोन लागतो! आणि मी तिथं उभा, माझ्या नसांतून ते विष फिरून राह्यलंय, आणि मला एक शिवी हासडायची सोय न्हाई. जमीन भिजवून ठेवली आणि नांगर मोडला.

आज मशीन चालू झालं. बुडालेले शेक शेवटी वाढवून देऊ म्हणतात. पण सोमवारचं औषध वाया गेलं ते गेलंच.

नवी पाटी घेतली आहे.

काकासाहेब


जांब समर्थ
६ सप्टेंबर २००१

उषाच्या वडलांना,

दोन्ही पत्रं पोचली. रामरावनं वाचली न्हाईत. मीच वाचली, दोनदोनदा.

कशावर चिडले म्हणून इचारता. डाक्टरीणबाईनं इचारलं व्हतं की घरच्यांशी बोलून सांगा, आपरेशन का औषध. तुमी बसल्या आवाजात तिथंच सांगून टाकलं, "घरातून हो आहे." मी दाराबाहेर बाकड्यावर व्हते. हाक मारली असती तर आत आले असते. मी आत आले तवा बाई मला म्हणल्या, "तुम्ही तयार आहात हे बरं झालं." कशाला तयार ते मला म्हाईत न्हाई. मंग मीच त्यांना खोदून इचारलं. त्या म्हणल्या, जिवाची खात्री आपरेशनात जास्ती, आवाजाची आशा औषधात जास्ती. हे तुमी पत्रात लिहिलं न्हाई.

तुमचा आवाज मोंढ्याला लागतो. मला माणूस लागतं. घरात बी तुमी हर्रासच पुकारत आले. भाजीत मीठ कमी पडलं तर गल्लीला कळायचं. मला मुका नवरा चालला असता. ते मला त्या दिवशी सांगायचं व्हतं, पण सांगायला तुमी जागाच ठेवली न्हाई.

मी तिथं येऊन तुमचं मरण बघत बसनार न्हाई.

पेज पातळ करून घेत जावा, वरून तूप घालून.

द्वारका


मस्तगड, जालना
२६ सप्टेंबर २००१

द्वारका,

मुका नवरा तुला चालला असता. मला मुकं राहणं चाललं असतं का, ते तू तरी कुठं विचारलंस?

तूप घालायला सांगितलंस. आता नाकातून नळी आहे, नळीत तूप थिजतं. थुंकी गिळायची तर आधी भिंतीला हात टेकून उभं राहावं लागतं. गळ्याची कातडी काळी पडून सोलून निघाली, सदऱ्याची कॉलर मी कात्रीनं कापून टाकली. तोंडाला चव न्हाई, लाळ न्हाई. रखमाजीची मंडळी रोज पेज करून पाठवती आणि तो नळीतून सोडतो. मी त्याच्या तोंडाकडं बघतो, तो पेजेकडं बघतो. त्याचा रोजचा काटा दुसरा कुणीतरी धरतो. शेठ काही बोलला न्हाई अजून, पण माझ्या ढिगावर भिवाला उभं केलंय असं कळलं. भिवाची पुकार कशी तर पोरगं शाळेत पाढे म्हणतं तशी.

एक गोष्ट लिहू का नको असं होतं, लिहितो. दर सोमवारी औषधाआधी बाई विचारतात, "कानात काही वाजतं का? शिट्टी, किर्र असा आवाज?" ह्या औषधानं होतं तसं. माझ्या कानांत वाजून राह्यलंय, दोन आठवडे झाले. रातकिडे बसल्यासारखं, दोन्हीकडं. पण माझ्या शेजारच्या खाटेवरचा परतूरचा मास्तर हो म्हणला, तर त्याचं औषध त्याच दिवशी बंद केलं आणि नुसता शेक चालू ठेवला. नुसत्या शेकावर माझी गाठ जाईल का? एक औषध आधीच त्या मशीननं खाल्लं. ते कुणी भरून देणार न्हाई. मंग जे राहिलं ते मी सोडायचं का?

मी पाटीवर लिहिलं, न्हाई.

बाई म्हणल्या, "नक्की?"

मी त्याच शब्दाखाली रेघ ओढली. रखमाजी माझ्याकडं पाहत होता. मी दिवसभर कानात बोट घालून हलवतो ते त्याला दिसतंच. खाली आल्यावर तो म्हणला, "वहिनी असत्या तर तुम्ही खोटं लिहिलं नसतं."

म्हणून तुला लिहिलं. तुला वाटेल तो अर्थ काढ.

शेवटचं औषध काल-परवा झालं. शेक थोडे राहिलेत.

काकासाहेब


मस्तगड, जालना
१८ डिसेंबर २००१

द्वारका,

काल घशात दुर्बीण घालून पाहिलं. गाठ न्हाई. बाईनं मोठ्या डॉक्टरला बोलावलं, त्यानंही पाहिलं. न्हाई म्हणजे न्हाई. सहा आठवड्यांनी परत दाखवायचं, मंग दर तीन महिन्यांनी, पण आज घडीला गळा साफ आहे.

बाई म्हणल्या, "बोला आता, काकासाहेब."

मी म्हणलो, "काय बोलू?"

चार महिन्यांनी तोंडातून निघालेले हे दोन शब्द. आवाज घोगरा आहे, पत्र्यावरून वाळू ओढल्यासारखा, पण माझा आहे. गळ्याला भोक न्हाई. रखमाजी तिथंच खांबाला टेकून रडायला लागला. बाई हसून आणखी काहीतरी म्हणल्या, ते नीट कळलं न्हाई, त्या खोलीत लई गलका असतो.

घरी आलो, कुलूप काढलं आणि सवयीनं तुला हाक मारली. मंग दोन ग्लास पाणी प्यालो. घोटाघोटानं, पण नळीशिवाय.

उषाच्या लेकराचा फोटो आला. पोरगी तुझ्यावर गेली. तिचं रडणं ऐकवायला जावयानं फोन लावला होता, पण त्या फोनात काही दम न्हाई, नुसती खरखर. आणि इथं सायकलवाल्यांनी घंटी वाजवायची सवय सोडून दिली आहे. परवा मस्तगडच्या उतारावर एक अंगावरच आला, आणि वर मलाच शिव्या देऊन गेला.

आता ये. तू म्हणलीस ते मरण काही आलं न्हाई. मी धरलेला रस्ता बराबर निघाला, एवढं तरी कबूल करायला ये. संक्रांतीनंतर मी ढिगावर उभा राहणार आहे. शेठ हो म्हणलाय, आधी थोडा थोडा माल.

काकासाहेब


मस्तगड, जालना
१९ मार्च २००२

द्वारका,

डिसेंबरच्या पत्राचं उत्तर तू दिलं न्हाईस. मीही मंग लिहिलं न्हाई. पण शुक्रवारी जे झालं त्याच्यानंतर लिहिणं भाग आहे. तुझा गैरसमज झाला असेल, आणि ह्या वेळेला माझ्याकडून काही झालं न्हाई.

आधी मोंढ्याचं सांगतो. जानेवारीपासून पुकारून राह्यलो. आवाज पहिल्यासारखा लांब जात न्हाई, पण जवळच्यांना पुरतो. व्यापारी खुश होते. मागच्या आठवड्यात बदनापूरकडच्या तुळजाबाईची मोसंबी आली. विधवा बाई आहे, स्वतः माल घेऊन येती. बोली चढली, थांबली. मी रिवाजाप्रमाणं तिला विचारलं, "बाई, द्यायचं का?" तिचं तोंड हललं. मला वाटलं हो म्हणली. मी तोडली बोली, सौदा पक्का म्हणून व्यापाऱ्याच्या हातावर हात मारला, हमाल ढिगाला लागले.

ती बाई ढिगावर आडवी झाली. अक्षरशः. मोसंब्यांवर दोन्ही हात पसरून. भोवती माणसं जमली. ती माझ्याकडं बघून ओरडत होती, तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या, आणि द्वारका, मला तिचा शब्द लागत नव्हता. शेवटी भिवा माझ्या कानाशी येऊन म्हणला, "काकासाहेब, ती तीन बार न्हाई म्हणली. तीन बार. सगळ्यांनी ऐकलं."

भिवाचा आवाज मला स्वच्छ आला. व्यापाऱ्यांचे येतात. शेठचा येतो. बाईचा आला न्हाई.

लोक म्हणले, काकासाहेब व्यापाऱ्याला मिळाला. आजवर कुणी मला हे म्हणलं नव्हतं. शेठनं सौदा मोडला, बाईची माफी मागितली आणि मला गादीवर बसवून सांगितलं, जरा तपासून या.

औरंगाबादला गेलो. कानाला डबे लावून शिट्ट्या ऐकवतात. जाड आवाज ऐकू आला की बोट वर करायचं, बारीक आला तरी करायचं. मी बोट वर करायचो, मंग एका ठिकाणी मला वाटलं मशीन बंद पडलं. ते चालूच होतं. डॉक्टरबाई समोर येऊन बसल्या आणि तोंड मोठं करून बोलल्या, "बारीक आवाजाच्या नसा गेल्यात. त्या परत येत न्हाईत. बायकांचा, लेकरांचा आवाज, घंटी, पाखरं, हे आता अवघड आहे. मी विचारलं होतं तेव्हा सांगायचं होतं, काकासाहेब."

मी म्हणलो, "सांगितलं असतं तर गाठ गेली असती का?"

त्या म्हणल्या, "मला माहीत न्हाई. कुणालाच सांगता येणार न्हाई."

ह्याचाच संताप येतो बघ. गेली त्या औषधानं की शेकानं, सातव्या डोसानं की तिसऱ्यानं, काही पत्ता न्हाई. सोडलं असतं तर कान वाचला असता आणि गाठही गेली असती, असंही असेल. गाठ परत आली असती, असंही असेल. भांडायला समोर कुणी न्हाई. मशीनला शिव्या द्याव्या तर त्याच मशीननं वाचवलं.

आता शुक्रवारचं. मी आडतीत बसलो होतो. फोन वाजला म्हणे, मला घंटी आली न्हाई, भिवानं उचलून माझ्या हातात दिला. कानाला लावला तर काही न्हाई. मी म्हणलो, "हॅलो, कोण आहे? बोला की." खरखर. परत म्हणलो, "कोण आहे?" मंग थांबून थांबून ठेवून दिला. भिवा म्हणला, "ठेवला का? जांबहून होता. बाईमाणूस होतं."

तू होतीस. दुसरं कोण असणार. सात महिन्यांनी तू फोन केलास आणि मी ठेवून दिला.

मी रागानं ठेवला न्हाई. मला ऐकू आलं न्हाई. हे भिवासमोर, शेठसमोर परत फोन लावून सांगायची माझी हिंमत झाली न्हाई, आणि लावला असता तरी तुझं उत्तर मला कुठं कळणार होतं?

तू काय म्हणलीस ते लिहून कळव. वाईट असलं तरी कळव. तोंड समोर असलं की मला पुष्कळ कळतं, फोनात तोंड न्हाई. येत न्हाई म्हणली असशील तर तसं लिही. मी ऐकल्याशिवाय हो धरणार न्हाई. तुळजाबाईच्या ढिगापासून तेवढं शिकलो.

काकासाहेब


जांब समर्थ
२६ मार्च २००२

उषाच्या वडलांना,

पत्र मिळालं. वाचून आधी रामरावला शिव्या दिल्या. फोन ठेवल्यावर तोच हसून म्हणला व्हता, "दाजीला आता तुझी गरज न्हाई राह्यली, आवाज आला न्हवं." मी आठवडाभर त्याच्या घरात जेवले न्हाई, आन् मंग तुमचं पत्र आलं.

फोनवर मी म्हणलं व्हतं, "येऊ का?" तुमी म्हणलात, कोण आहे, बोला की. मला वाटलं, बायको वळखली न्हाई. मी परत म्हणलं, "येऊ का?" तुमी ठेवून दिला. एवढंच बोलले मी. तेवढं बोलायला मला पोस्टात दोनदा जाऊन परत यावं लागलं व्हतं.

तुमचा रस्ता बराबर निघाला हे कबूल कराया मी येनार न्हाई. गाठ गेली ते चांगलं झालं. मी रोज समर्थाच्या देवळात जाऊन आले, ते बी सांगून ठेवते, सगळं औषधानंच झालं असं समजू नका. पन कान गेला तो एकट्यानं ठरवल्यामुळं गेला. खोटं लिहिलं ते बी एकट्यानंच. रखमाजी भावजी खरं बोलले.

शेठला सांगा, ढिगावर भिवाला पुकारू द्या. तुमी व्यापाऱ्यांच्या बोल्या सांभाळा, त्या तुमाला ऐकू येतात. आन् बाईमाणसाचा माल आला तर तिला तुमच्या समोर उभं करून इचारा, मान हलली की मंगच तोडा. ह्याच्यात कमीपणा न्हाई.

घरात मी मोठ्यानं बोलनार न्हाई. मला येत बी न्हाई. तुमी समोर येऊन बसायचं आन् माझ्या तोंडाकडं बघायचं.

पुढच्या तपासणीला दवाखान्यात मी सोबत येनार. डाक्टरीणबाईच्या समोर बसनार. हो काय आन् न्हाई काय, ते माझं मी सांगीन.

येऊ का म्हणून आता इचारत न्हाई. सोमवारच्या पहिल्या गाडीनं येऊन राह्यले.

द्वारका